धुण्याचा दगड

आम्ही लोणारी. चुना भाजायचा.
किनवटच्या अलीकडं, पैनगंगा जिथं कूस बदलते,
तिथल्या टेकाडाचा दगड काढायचा, भट्टी लावायची,
दगडाचा थर, कोळशाचा थर, वर पुन्हा दगड,
आणि तीन रात्री डोळा लावायचा नाही.

एक दगड मात्र बाप बाजूला टाकायचा.
अंगात पापुद्रे, एकावर एक,
आडवा फोडला तर चिरलेल्या कोबीसारखा.
भट्टीत गेला की फाडकन उडायचा.
एकदा चुलत्याची भुवई घेऊन गेला.
"कोब्या नको," बाप म्हणायचा,
"त्याच्या पोटात काहीतरी आहे."
काय आहे, ते विचारायला माणूस नव्हता गावात.

कोब्याचा आम्ही उंबरा केला,
गव्हाणीला टेकू दिला,
आणि सगळ्यात मोठा, खरखरीत,
न्हाणीमागं मायच्या धुण्याला.

निखत मॅडम नांदेडहून आल्या
भिंग, हातोडी, बाटलीत आम्ल घेऊन.
टेकाडावर दोन दिवस उन्हात फिरल्या.
अर्धं टेकाड क्रशरनं खडी करून
रस्त्यावर अंथरलेलं.
तिसऱ्या दिवशी अंगणात पाणी प्यायला टेकल्या
आणि पेला तोंडाजवळ तसाच राहिला.

"आजी, हे लुगडं जरा उचलता?"
"पिळू द्या की आधी."
मॅडम थांबल्या. मग स्वतःच तांब्या घेतला,
फेस धुऊन काढला, गुडघ्यावर बसल्या,
आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

"इथं समुद्र होता."
"कधी?"
"शंभर कोटी वर्षं झाली असतील."
माय नदीकडं बघून म्हणाली, "मग गेला कुठं?"

मासा नव्हता तेव्हा. शिंपला नव्हता.
गवताचं पातं नव्हतं, बघायला डोळा नव्हता.
उथळ पाण्यात नुसती बुळबुळीत साय,
उन्हाकडं तोंड करून.
गाळ अंगावर बसला की ती वर सरकायची,
पुन्हा गाळ, पुन्हा ती वर,
आणि सरकता सरकता प्राणवायू सोडायची,
कुणासाठी, ते तिला ठाऊक नव्हतं.
ह्या थरांवरून कळतं, मॅडम म्हणाल्या,
पाणी किती खोल होतं, लाट कुठून यायची,
कुठं कुठं तर दिवस केवढा होता तेसुद्धा.
दिवस तेव्हा लहान होता.
"लहान?" माय म्हणाली. "मग धुणं कधी वाळायचं?"

मॅडमनी दगडाचा एक काप आणला होता, कागदाएवढा पातळ,
काचेवर चिकटवलेला. तो उजेडाला धरला.
बापाच्या छातीचा फोटो डॉक्टरनं
अस्साच खिडकीकडं धरला होता.
त्यातही पांढरं पांढरं.
चुन्याची धूळ, डॉक्टर म्हणाला.
मी मॅडमना हे सांगितलं नाही.

मी हिशोब केला.
चाळीस वर्षं, वर्षाला सोळा भट्ट्या.
त्या पाण्यानं दगडात कोंडलेला वायू
आम्ही धुराड्यातून सोडून दिला.
राहिलं ते पांढरं गावोगाव गेलं,
भिंतींना, देवळाच्या ओट्याला, शाळेला,
आणि तंबाखूला.
अर्ध्या तालुक्यानं समुद्र ओठाखाली धरला
आणि एसटी स्टँडवर थुंकला.

दगड चौघांनी उचलला, गादीत गुंडाळला.
पावतीवर नमुन्याचा नंबर,
देणाऱ्याचं नाव: धुरपताबाई,
सापडल्याचं ठिकाण: न्हाणीमागे.
मायला वाचून दाखवली. तिनं दोनदा वाचायला लावली
आणि पिठाच्या डब्यात ठेवली.

टेकाडावर आता पाटी आहे.
'जीवाश्म'मधला श फुटलेला, तरी क्रशर पलीकडं सरकला.
मॅडमनी मायला शहाबादी फरशी पाठवली.
तिला खरखर नाही, माय कुरकुरते, मळ निघत नाही.

दगड होता तिथं खळगा पडलाय.
साबणाचं पाणी साठतं,
कडेनं हिरवी साय धरलीय.
माय रोज म्हणते, खरवडून टाक, कुणी घसरंल.
टाकतो, म्हणतो मी.