दोन बोटं जागा

दीडशे किलोमीटरांत हा एकच पंप.
दोन नळ. एक ऐंशीचा, एक ब्याण्णवचा.
मागे पत्र्याची खोली, शेणाच्या शेगडीवर चहा,
आणि मी, त्सेंदसुरेन, अठरा हिवाळे.

पारा उणे तीसवर गेला की
नवखे लोक हसतात माझ्या पाटीला.
एवढ्या गारठ्यात काय पेटणार, मावशी?
मी सांगते, रात्री दिवा मालव
आणि अंगातला देल काढ हळूच.
मेंढीच्या केसांतून निळं काहीतरी तडतडेल,
ऊ चिरडल्याएवढा आवाज.
तेवढं पुरतं.
माझी डावी भुवई तेव्हापासून उगवली नाही.

म्हणून आधी इंजिन बंद.
मग स्टँड. मग सगळे खाली.
बायको खाली, टाकीवर बसवलेलं पोर खाली,
देलात कोंबलेलं कोकरूसुद्धा खाली,
हो, कोकरूसुद्धा, लोकर त्यालाही आहे.
सिगरेट त्या पांढऱ्या दगडापलीकडे.
मोजा काढून कोरडा तळवा लोखंडी खांबाला.
गार लागतो? लागू दे.
झाकण त्यानंतर.

नळ टाकीच्या काठाला टेकलेला हवा,
शिंगरू आईला टेकतं तसा,
अधांतरी नाही.
आणि काठोकाठ तर कधीच नाही.
लोक विनवतात, ओत अजून, वाट लांब आहे.
मी दोन बोटं जागा ठेवते.
गेरच्या उन्हाच्या बाजूला गाडी लावली
की पेट्रोलही पाय पसरतं,
आत जागा नसेल तर उंबऱ्याबाहेर येतं.

गोंबोदोर्जला यातलं काही सांगावं लागत नसे.
पंधरवड्याने यायचा. जुनी प्लॅनेटा,
टाकीला उंटाच्या लाथेचा पोचा,
मागे पोरगा, नाकापर्यंत मफलरात.
गाडी थांबली की मागे न बघता म्हणायचा, "उतर."
मग खांबावर थाप. मग आणखी एक.
दुसरी कशाला रे?
"पहिली मारली का, ते आठवत नाही ना."
दर वेळी हेच. दर वेळी मी हसायचे.

काल तोच पोचा टेकडीवरून खाली येताना दिसला.
चालवणारा बुटका,
पाय जमिनीला जेमतेम पोचणारे.
इंजिन बंद केलं त्यानं, स्टँड लावायला वाकला
आणि मागे न बघता म्हणाला,
"उतर."

मग त्याचं त्यालाच ऐकू आलं.

आत चहा उतू जात होता, मी गेले नाही.
तो उतरला. मोजा दातांनी ओढला.
खांबावर एक थाप.
जरा थांबून, दुसरी.

मी विचारलं नाही.
स्तेपमध्ये बातमी आपल्या चालीनं येते,
कुणाच्या तरी मागच्या सीटवर बसून.
गेला असेल दक्षिणेला खाणीवर. जातात लोक.
चार लिटर ओतलं. एक थेंब काठावर सांडला,
तो फडक्यानं टिपला, आणि वास विरेपर्यंत
आम्ही दोघं उभे राहिलो वाऱ्याकडे पाठ करून.
"अजून मावेल," तो म्हणाला.
"मावेल," मी म्हणाले, आणि दोन बोटं दाखवली.

उधारीची वही उघडली.
गोंबोदोर्जचं पान आपसूक आलं, त्याला तशी घडीच पडलीय.
"माझं वेगळं पान करा," पोरगा म्हणाला.
सात वर्षं बघतेय त्याला, नाव आज विचारलं.
न्याम्बायार.
शाई गोठली होती. पेनावर तीनदा फुंकर घातली
तेव्हा कुठे पहिलं अक्षर उमटलं.

झाकण फिरवलं त्यानं, टक् होईपर्यंत.
मग गाडी हातानं ढकलत नेली,
पांढऱ्या दगडाच्याही पुढे,
आणि तिथं जाऊन किक मारली.
तिसऱ्या किकला लागली.

हे गोंबोदोर्ज कधी करत नसे.