अर्धा वाटा

मार्व्याच्या जेट्टीवर
एक मोपेड, बर्फाच्या दोन लाद्या,
कोपरापर्यंत चुडा भरलेली एक नवी नवरी
आणि मी.
तिकीटवाल्यानं विचारलं, जाऊन-येऊन?
नुसतं जाऊन, म्हटलं.
सुटे पैसे देताना
त्यानं पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं.

मनोरी. सहा मिनिटांचं पाणी.
जिंतूरला आईला फोन लावला, बेटावर आलेय.
मुंबईतच आहेस ना?
हो, मुंबईतच.
मग बेट कुठलं?
सांगता आलं नाही तिला
की सगळी मुंबईच बेटांवर बसलीय,
फक्त वीस वर्षं मालाडात राहून
मला कुठे काठ लागला नव्हता.

आले होते आठ दिवसांसाठी.
आठही दिवस पाहुणीसारखी वागले.
नारळाचे फोटो काढले,
सूर्य बुडताना रोज नव्या जागी उभी राहिले
जणू एखाद्या दिवशी तो चुकून उत्तरेला बुडेल.
नवव्या दिवशी केरसुणी विकत घेतली.

खोली नातालीनबाय मुर्झेलोंच्या मागच्या अंगणातली.
खिडकीत सुकट, दारात डुकराचं पिल्लू,
नाक्यावर झेंडूची माळ घातलेला क्रूस.
खाऱ्या हवेनं आधी सेफ्टी पिना खाल्ल्या,
मग छत्रीच्या काड्या,
दुसऱ्या महिन्यात कुलूप.
आता रात्री दार कसं लावू, विचारलं तर म्हणाली,
शेवटची बोट गेली का चोर पन हितंच अडकतो गो,
त्याला पन मंग जेवाया वाढावं लागंल.

बाजारात बुधीबायनं मांदेलीचे वाटे मांडलेले.
अर्धा द्या, म्हटलं, एकटीच आहे मी.
ती हसली नाही.
वाटा तो वाटा.
अर्धा तुला देऊ तं उरलेला कोनाला देऊ?
दोन दिवस मी मांदेली खाल्ली.
तिसऱ्या दिवशी मांजरानं.
पुढच्या खेपेला निम्मी साफ केली, वाटीत घातली
आणि नातालीनबायच्या ओट्यावर ठेवून
चोरासारखी परत आले.

चार दिवस वाटीचा पत्ता नाही.
वाटी स्टीलची होती, आईचं नाव कोरलेली.
मागायची कशी?
पाचव्या दिवशी आली,
विटेच्या रंगाच्या मसाल्यानं काठोकाठ,
वर वहीच्या कागदावर पेन्सिलीनं:
जपून घाल, बाटलीतला हाय.
मी जपून घातला नाही.
नाक पुसत, पाणी पीत, अख्खी कढई संपवली.

बरं वाटतंच असं नाही.
पुनवेच्या उधाणाला पाणी खाजणातून वर चढतं,
कुत्री उगाच गप्प होतात,
आणि पलीकडे मालाडचे टॉवर पेटतात.
त्यातल्या चौदाव्या मजल्यावर एक खिडकी माझी होती.
ती बघ, असं म्हणायला हात उचलते
आणि तसाच दोरीवरचा टॉवेल काढून आत येते.

कालनिर्णयात पूर्वी पगाराचा दिवस बघायचे.
आता अमावास्या बघते,
ओहोटीला बोट गाळात बसते म्हणून.
भांगाचं पाणी कुठलं, उधाणाचं कुठलं
हे अजून बोटांवर मोजते,
आणि बुधीबायचा सात वर्षांचा नातू
माझ्याआधी उत्तर देऊन पळतो.

आई म्हणतेय येते दिवाळीनंतर.
तिला पाण्याचं भ्या.
सहा मिनिटं डोळे मीट, म्हटलंय,
आणि येताना ज्वारीचं पीठ आण,
इथं तांदळाच्याच भाकरी.

परवा दाढ काढायला मालाडला जायचं होतं.
जेट्टीवर त्यानं काही विचारलं नाही.
जाऊन-येऊनचं फाडलं
आणि बर्फवाल्याशी बोलत राहिला.
परतताना अर्धा जबडा बधिर.
बोटीत बुधीबाय, रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसलेली.
काय गो, आज मासली नको?
मान हलवून नको म्हटलं.
बरं, म्हणाली, तुझा वाटा नातालीनकडं टाकते.