आठ पत्र्या

या गावाच्या नावातलं पहिलं अक्षर
आपल्या ळच्या शेजारचं, पण ळ नव्हे.
जीभ टेकवायची दातांमागे
आणि बाजूनं नुसता श्वास सोडायचा,
गवतातून वारा गेल्यासारखा.
टेग्वेन शिकवते. मला जमत नाही.
"राहू दे," म्हणते, "मोजणीला आलेल्या साहेबालाही जमलं नव्हतं.
नकाशात भलतंच लिहून गेला."

बाजार गुरुवारचा. म्हणजे, भरायचा.
आता जनावरांच्या कठड्यांच्या जागी मोटारी उभ्या असतात
पांढऱ्या रेघांत, मुकाट.
कुणी त्यांचे दात बघत नाही.
म्युरिगनं चाळीस वर्षं लिलाव पुकारला;
अजूनही गुरुवारी दहाच्या ठोक्याला येतो,
बेकरीबाहेर उभा राहतो
आणि ओठांतल्या ओठांत बोली चढवत नेतो.

टेकडीवर तीन पाइन.
आपसूक उगवलेले नव्हेत, खुणेला लावलेले:
इथे रात्रीचा मुक्काम, इथे चारा.
काळे बैल जायचे या वाटेनं इंग्लंडात,
पायी, तीन-तीन आठवडे.
निघण्याआधी लोहार एकेकाला आडवा पाडून पत्र्या मारायचा.
खूर दुभंगलेला, म्हणून
एका बैलाला आठ.
हंसांना मात्र डांबरातून चालवायचे, मग वाळूतून.
झाले त्यांचे जोडे.

माणसं सावकाश परतायची, पैसे मोजत, पीत.
कुत्री आधी. एकटी. शंभर कोस.
टेग्वेनच्या पणजीच्या आजीच्या दारात
कुत्रं आलं ते पंजे सोलवटून.
मागोमाग मालक येणार, म्हणून
तिनं पाणी तापत ठेवलं.
आटलं. पुन्हा भरलं.
त्या कुत्र्याचं नाव घरात अजून सांगतात: मॉट.
नवऱ्याच्या नावाचा मात्र घोळ आहे,
कुणी कॅडॉग म्हणतं, कुणी इयर्वर्थ.

चर्चच्या मनोऱ्यावरून तांबडी घार वळते,
दुभंगल्या शेपटीनं वारा कापत.
म्युरिगच्या लहानपणी ती दिसली
तर शाळा सुटायची म्हणे, बघायला.
आज बेकरीच्या रांगेतलं
कुणी मानही वर करत नाही.

नदी आल्डरच्या मुळांखालून काठ कुरतडते;
दर हिवाळ्यात जुन्या वाटेचा एक घास तिच्या पोटात.
पूर ओसरला की चिखलात कधीतरी
गंजकी चंद्रकोर सापडते, बोटभर लांब.
टेग्वेनच्या बिस्किटांच्या डब्यात अशा सात आहेत.
"एकाच बैलाच्या असतील असं थोडंच आहे,"
ती स्वतःच सांगते,
आणि गमबूट चढवून पुन्हा उतरते.
मी तिच्या मागे, घोट्यापर्यंत गाळात.

पुलावरून म्युरिग ओरडून विचारतो, काही मिळालं?
ती रिकामा हात वर करते.

तो मान डोलावतो
आणि पुढचा आकडा पुकारतो.