सतरा पुंगळ्या

काडतुसं मिळेनाशी झाली तेव्हा बाबांकडे
पितळेच्या सतरा पुंगळ्या होत्या.
बंदूक चांद्याच्या पोलीस लाइनीतली, लिलावात घेतलेली.
नळीवर झिजलेला मुकुट, खाली अर्धवट साल,
दस्त्यावर कुणी चावल्यासारखे पाच खड्डे.
मुळात ती रायफल.
मग साहेबाला आपल्याच शिपायांचं भेव वाटलं असावं :
नळीतले आटे खरवडून काढले,
मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा ठोकला.
एका वेळी एकच.
बाबा म्हणत, "एकच पुरते.
दुसऱ्या वाराले डुक्कर थांबते का बापा?"

रविवारी आई चुलीवर पाणी मारून
ओसरीत जाऊन बसायची, पाठ करून.
परातीत पुंगळ्या, सोनाराचा जुना तराजू,
बाबांचा चष्मा दोऱ्यानं बांधलेला.
मी शाळेत सांगितलं, आमच्या घरी दारू मोजतात.
गुरुजी संध्याकाळीच आले.
तराजू बघितला, काळी दारू बघितली,
आणि चहा संपेपर्यंत दाराजवळून हलले नाहीत.

माझं काम चकत्या पाडायचं.
लग्नपत्रिकांचा पुठ्ठा, लोखंडी पंच, हातोडी.
एका चकतीवर गणपतीचा कान,
एकीवर नुसतं "आहेराची",
एकीवर वरबापाचं अर्धं आडनाव.
गावातली किती लग्नं आम्ही ठासली
आणि धानावर उडवली.

दुसरं काम रेघांचं.
उडवून घरी आणली की पुंगळीच्या बुडाशी
खिळ्यानं एक रेघ.
बाबा ती कानाशी धरून नखानं टिचकी मारत
आणि ऐकत. फार वेळ ऐकत.
"हे थकली," म्हणत एखादीला बाजूला ठेवत,
फेकत मात्र नसत.
सतराच्या अकरा झाल्या, अकराच्या नऊ.

अश्विनात लोंबीत दूध भरलं होतं.
बाबा माळ्यावर, मी खाली टॉर्च घेऊन.
आधी चिखलाचा चपचप आवाज,
मग पाच-सहा पाठी, बांधीच्या मधोमध.
बार झाला. टेकडीवर जाऊन परत आला.
बोल्ट नेहमी ते हळू ओढायचे,
पुंगळी तळहातात झेलायचे, अंडं घ्यावं तशी.
त्या रात्री घाई झाली.
काहीतरी चमकून माझ्या डोक्यावरून गेलं.

डुक्कर लागलं की नाही, त्यांनी पाहिलंच नाही.
माळ्यावरून उतरले ते सरळ चिखलात, गुडघ्यांवर.
आम्ही उजाडेपर्यंत चाचपत होतो.
बोटांना गोगलगायी लागल्या, धसकटं लागली,
एकदा काहीतरी गार, हलणारं.
सकाळी आई डबा घेऊन आली आणि
आमच्याकडे बघून काही न बोलता
तिनंही पदर खोचला.
"गेली," बाबा शेवटी म्हणाले,
गाय गेल्यावर म्हणतात तसं.

पुढच्या निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा झाली.
मतमोजणी झाली, गुलाल झाला,
ती आणायला जायचं त्यांच्यानं झालं नाही.
परवाना त्यांच्या नावचा, त्यांच्यासोबत संपला.
पावती माझ्याकडे आहे. शिक्का अजून ठळक.

यंदा रोवण्याला
सयत्राबाई वाकलेली ताठ झाली,
"ताई, हे का व्हय वं?"
हिरवी पडलेली, तोंडात गच्च चिखल,
त्यातून धानाचं एक मूळ आरपार गेलेलं.
बायांना वाटलं देवाचं काही असेल.
मी धुऱ्याच्या पाण्यात धुतली,
कानाशी धरून टिचकी मारली.
वाजली की.
पुन्हा मारली. बाया हसल्या.

घरी येऊन चिंचेनं घासली
तेव्हा बुडाशी रेघा दिसल्या. सात.
खिळा शोधायला बराच वेळ गेला.
पितळ मी समजले होते त्याहून कठीण निघालं,
हात सटकला,
आठवी जरा तिरपी आली.