दुसरा गियर

एकोणीस वर्षं हा घाट मी बसून चढलो.
शहादा ते तोरणमाळ, सकाळची सव्वासातची.
राणीपूर सुटलं की तिसरा,
आणि पहिलं वळण दिसायच्या आधीच दुसरा.
तिथून वरपर्यंत दुसराच.
डाव्या पायाला विचारावं लागत नाही.

आज छातीवर चार टाचण्या, दोनशे सत्त्याण्णव नंबर,
पायात लेकीच्या सरांचे जुने बूट, अर्धा इंच मोठे.
नाशिकहून, सुरतेहून आलेली पोरं
पोटऱ्या ताणतायत, मनगटावरची घड्याळं जुळवतायत.
मी आपला शेकोटीपाशी, डेपोत उभा राहतो तसा.

शिट्टी झाली.
पहिला एक किलोमीटर मी तरुण होतो.

इंजिन तापलं की मला वासावरून कळतं.
छाती तापल्यावर कसला वास येतो, ते ठाऊक नव्हतं:
लोखंडाचा, जिभेच्या मुळाशी.
पोटऱ्या म्हणाल्या, खाली टाक, खाली टाक.
दुसऱ्याच्या खाली पहिला असतो, ठीक,
पण पहिल्याच्या खाली काय?
चालणं.
तर मी चाललो.
लाज वाटली, ती पुढचं वळण येईपर्यंतच.

कठड्याच्या बुडाशी शेंदूर लावलेला एक दगड आहे, मुठीएवढा.
स्टेअरिंगमागून कधी दिसला नाही.
किती पावसाळे मी त्याच्यावर चिखल उडवला असेल.
डांबरावर टायर घासल्याची काळी रेघ होती;
असेल कुणाचीही, मी तिला माझी म्हटलं.

तिसऱ्या वळणावर ती भेटली.
डोक्यावर मोळी, पाय अनवाणी.
बाजाराच्या दिवशी हात करते, मी थांबवतो,
एवढीच ओळख.
"गाडी बिगडली का?"
नाही म्हटलं, शर्यत हाय.
तिनं रस्ता वर पाहिला, खाली पाहिला.
पुढची पोरं दोन वळणं वर गेलेली, मागची धुक्यात.
"कोणासंगे?"
आणि झाडीत शिरली.

चौथ्या वळणावर ती आधीच उभी,
मोळी कठड्याला टेकवून.
पाचव्यावरही.
मी डांबराचा अख्खा वळसा घालून येतो,
ती मधली पायवाट उभी चढून.
एकोणीस वर्षं ही वाट मला दिसली नाही,
वळणावर माझं सगळं ध्यान पलीकडच्या हॉर्नकडे.
पदराची गाठ सोडून तिनं आंब्याची वाळलेली फोड दिली.
आंबट. इतकी आंबट
की गुडघ्यांनाही कळली.

मग मागून माझीच गाडी आली.
रजेवर मी, म्हणून आज झुलाल चालवतोय.
कंडक्टर भटू वाणी दारातून अर्धा बाहेर:
"ओ आबा! कसाले पयस? बठी जाय गाडीमा!"
खिडक्या हसल्या.
मी हात केला, थांब असा नाही, जा असा.
मग धूर आला.
आजवर लोकांना दिला तोच,
पहिल्यांदा माझ्या वाट्याला.
खोकत उभा होतो, तरी कान गाडीकडेच:
झुलालनं तिसरा टाकून पाहिला,
गाडी कण्हली,
मुकाट दुसऱ्यावर आला.
आणि मला न विचारता
माझे पाय त्या आवाजाच्या मागे पळायला लागले.

वर तळ्यावर धुकं. कुणीतरी गळ्यात मेडल घातलं,
हातात एक केळं दिलं.
दोन तास एकोणचाळीस मिनिटं. शेवटून अकरावा.

केळं घेऊन मी तिला शोधलं.
मोळी चहाच्या टपरीला टेकलेली होती, विकलेली.
ती कधीच उतरून गेली, म्हणाले.

परतीला खिडकीशी बसलो, तिकीट काढून.
भटू घेत नव्हता पैसे, दिले.
दर वळणाला झाडीतली फट शोधत राहिलो,
दोन सापडल्या, तिसरी चुकली.
डावा पाय पत्र्यावर दाबतच होता.
खिशात केळं काळं पडत होतं.