चिमटा

व्रातिस्लाव ह्रुश्का पडला तो ऑक्टोबरात,
तळघराच्या चौथ्या पायरीवरून. खुबा मोडला.
झ्नोइमोच्या दवाखान्यात नेताना त्यानं
स्ट्रेचरवाल्या पोरांना कुंपणापाशी थांबवलं
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"काचा पंधरा तारखेच्या आत. बाजू उघड्या ठेव, वारा खेळू दे.
आणि तुझ्या झाडाची पानं…"

वाक्य पुरं केलं नाही.
अकरा वर्षं ते आमच्या कुंपणावर वाळत पडलं होतं.
माझ्या अक्रोडाची एक फांदी त्याच्या खडीवर झुकते.
काप म्हणाला. नाही कापणार म्हणाले.
मग नाताळची बिस्किटंसुद्धा कुंपण ओलांडेनाशी झाली.

त्याचे घायपात दहा.
रेल्वे यार्डातली काळी खडी, विटांचा चुरा, मूठभर माती,
आणि सगळे मुद्दाम तिरके लावलेले,
बाकावर मान कलवून झोपलेल्या प्रवाशांसारखे,
गाभ्यात पाणी साचू नये म्हणून.
मला वाटायचं, इथली थंडीच मारत असेल त्यांना.
थंडीला ते भीत नाहीत.
दिवस लहान झाले की अंगातलं पाणी आपणच उणं करतात,
सुरकुततात, मूठ आवळतात,
आणि उणे वीसमध्ये तसेच बसून राहतात.
मारते ती ओल.
अक्रोडाचं एक पान गाभ्याला चिकटून राहिलं
फेब्रुवारीभर, तर तेवढं पुरे.

म्हणून नोव्हेंबरात रोज सकाळी मी गुडघ्यांवर,
हातात सॉसेज परतायचा लांब चिमटा.
काटा चिमट्याला कधीच लागत नाही,
बरोबर मनगट शोधून काढतो.
शिव्या दिल्या. आधी त्याला, मग झाडाला,
मग माझ्या कैलासवासी नवऱ्याला, ज्यानं ते लावलं.

जानेवारीत एकदा काच उचलली, ऊन होतं,
आणि दिसलं: प्रत्येक पानाच्या पाठीवर
शेजारच्या पानाच्या दातांची नक्षी.
मिटलेले होते तेव्हा एकमेकांवर उमटलेले.
आता हातभर लांब झालेत, तरी खूण गेलेली नाही.
बराच वेळ बघत बसले. चहा गार झाला.

त्याचा फोन आला त्या रात्री.
"किती?"
"दहा."
ठेवला.

फेब्रुवारीत बर्फ वितळलं, चार दिवस पाऊस.
नळाजवळच्याचं पान सहज ओढलं
तर सगळं डोकंच हातात आलं,
कुजक्या कोबीचा वास, आत तपकिरी लगदा,
आणि लगद्यात एक काळा देठ. माझाच.
"किती?"
"दहा," मी म्हणाले.

एप्रिलात तो वॉकर घेऊन आला.
खडीच्या कडेनं सावकाश चालला, ओठ हलत होते.
नऊपाशी थांबला.
नळाकडे बघितलं, मग फांदीकडे, मग माझ्या मनगटाकडे.
"नळाजवळची जागा ओलीच," म्हणाला. "माझी चूक."
खोटं बोलायला त्यालाही येतं तर.

रविवारी कुंपणाच्या खांबावर दह्याचा डबा होता,
तळाला खिळ्यानं पाडलेली भोकं,
आत अंगठ्याएवढं पिल्लू, चार पानं, काटे पुरे.
ते घेऊन मी अंगणभर फिरले
दिवसभर ऊन राहील अशी जागा शोधत.

अक्रोडाला नुकती तांबूस पालवी येत होती.
सावली अजून पडायची होती,
पण कुठं पडेल ते मला पाठ आहे.

डबा सध्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे.
करवतीला धार लावायला टाकलीय. एवढंच.
अजून काही ठरवलेलं नाही.