मापातलं शिसं

दर ऑक्टोबरात व्यायामशाळेची फरशी मेण लावून पुसतात.
मेणाचा वास राहतो, आणि सफरचंदांचा,
कारण सुवाउकीत या दिवसांत प्रत्येकीच्या दप्तरात एक असतंच.
पडद्याआड मी टेबल मांडते: वजनकाटा, फीत
आणि तो चिमटा,
ज्याला मुली 'खेकडा' म्हणत आल्यात.

बावीस वर्षं मी चौदा वर्षांच्या दंडांची कातडी
दोन बोटांत धरून उचलतेय.
दंडामागे, खांद्याच्या पात्याखाली, पोटरीवर.
आकडा मोठ्यानं वाचायचा नाही, हा नियम माझाच.
पहिल्या वर्षी वाचला होता.
लुत्सिना नावाची मुलगी त्यानंतर
जूनपर्यंत स्वेटरमध्येच राहिली.

तेव्हापासून मी वहीला सांगते, वही विद्यापीठाला.
तिथे नावं नसतात, नुसते क्रमांक,
आणि क्रमांकांना लाज वाटत नाही.

बोगुमिला येते ती बूट काढतानाच धापा टाकत.
"खेकड्याला आज मेजवानी!"
तक्त्यात तिच्यासाठी लाल चौकट आहे.
मग मुठीची ताकद मोजायचं यंत्र ती असं दाबते
की सुई अडकली का, म्हणून मी टिचकी मारून बघते.
जड चेंडू ती फेकते तो थेट बाकांखाली,
जिथवर मी फीत कधी नेलीच नव्हती.
वीस मीटरच्या फेऱ्यांत मात्र
तिसऱ्या भोंग्यालाच भिंतीला टेकते
आणि तिथून बाकीच्यांना ओरडून ओरडून पळवते.
ओरडण्याला रकाना नाही.

यागोदा. आमच्याकडे रानातल्या निळ्या फळाचं नाव.
होड्यांच्या संघात आहे.
प्रशिक्षकबाईंनी बजावलंय, आणखी घटलीस तर वल्हं परत दे.
काटा म्हणाला, ठीक.
दंडाला चिमटा लावला, तर चिमट्यात यायला काही नव्हतंच.
पुन्हा लावला.
काटा एक सांगत होता, माझी बोटं दुसरंच.

मोजा सरळ करायला ती वाकली, तेव्हा टप्‌ असा आवाज झाला.
मग आणखी एक. मग बऱ्याच.
बापाच्या मासेमारीच्या पेटीतलं शिसं,
विग्री तळ्याच्या बुडाशी गळ नेणारं,
मोज्यांत, कमरेच्या नाडीत, कुठे कुठे.

आम्ही दोघी रांगत गोळा करत राहिलो.
माझे गुडघे वाजले. तिचे नुसते दिसले.

मापात पाप नको म्हणतात, ते दुकानदाराला.
मी खरा आकडा लिहिला. तुम्हालाही सांगणार नाही.
मग तिच्या आईला फोन केला, मग डॉक्टरांना,
आणि प्रशिक्षकबाईंना असं काही बोलले
की वर्षभर त्यांनी मला नमस्कार केला नाही.
यागोदा जाताना म्हणाली, "खेकडा."
यंत्राला नव्हे.

पडद्यापलीकडे बोगुमिलानं सगळं ऐकलं असणार.
दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ती
यागोदाशेजारी बसायची, भिंतीकडे तोंड करून,
पावाचे दोन तुकडे करायची, एक खायची,
दुसऱ्याबद्दल अवाक्षर नाही.
कधी तो चिमण्यांना गेला. पुष्कळदा गेला.
नोव्हेंबरात, डिसेंबरात.
फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
चिमण्या नुसत्याच बसून होत्या.

एप्रिलात यागोदा आली, कोटावर चिखल.
"बर्फ फुटलाय. बाबांना शिसं हवंय."
मी खण उघडला, तिच्या तळहातावर मोजून दिलं. अकरा.
"बारा होती."
"अकराच."
"बारा."
आणि फरशीवर पालथी पडून तिनं
हीटरखाली खांद्यापर्यंत हात घातला,
चाचपला, ओढला, धुळीसकट बारावी गोळी बाहेर.
बाही दंडापर्यंत सरकली होती.

मी बघितलं नाही.
वहीत तरी तसंच आहे.